मिस्टरांना सीपॅपचा मास्क सहन होत नाही, दातांवर बसवायच्या अप्लायन्सने ॲप्निया खरंच कमी होतो का?

बोरीकाठ, अमळनेर

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस विचारायचं होतं, आज लिहितेच. माझे मिस्टर ४६ वर्षांचे, आमचं कापडाचं दुकान आहे, माल भरायला त्यांना सारखं सुरतला जावं लागतं आणि बहुतेक वेळा स्वतःच गाडी चालवत जातात. घोरणं लग्न झाल्यापासूनचं आहे, त्याचं घरात कोणाला काही वाटायचं नाही, सासूबाई म्हणायच्या पोरगा दमून येतो म्हणून घोरतो. पण हल्ली असं व्हायला लागलं की घोरता घोरता आवाज एकदम बंद, छाती हलतेय पण श्वास नाही, मी उठून बसते, हलवते, मग धाप लागल्यासारखा मोठा श्वास घेतात आणि परत घोरणं चालू. सकाळी डोकं जड, दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या डुलक्या. मागच्या वर्षी कोंडाईबारी घाटाच्या अलीकडे गाडी चालवताना डोळा लागला, शेजारी माझे दीर होते त्यांनी स्टेअरिंग धरलं म्हणून वाचले. मग मात्र मी हट्टच धरला आणि नाशिकला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

तिथे रात्रभर झोपेची तपासणी झाली. रिपोर्टमध्ये एएचआय (तासाला किती वेळा श्वास अडकतो तो आकडा) २२, मॉडरेट ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत घसा बंद होऊन श्वास थांबण्याचा आजार, लिहिलंय, ऑक्सिजन ७९ पर्यंत खाली गेलेला. बीपीची गोळी आधीपासून आहे, वजन ८८ किलो, उंची ५ फूट ७ इंच. सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं, घेतलं पण मास्क लावला की गुदमरल्यासारखं होतं म्हणतात, झोपेत काढून फेकतात, त्यात उन्हाळ्यात रात्री लाइट गेली की मशीन बंद आणि हे घामाघूम होऊन उठून बसणार. आता ते मशीन कपाटात पडलंय. डॉक्टर म्हणाले अजिबातच जमत नसेल तर दातांवर बसवायचं एक अप्लायन्स असतं, खालचा जबडा पुढे धरून ठेवतं, डेंटिस्टला भेटा. इथे एका डेंटिस्टकडे गेलो तर ते म्हणाले नाईट गार्ड बनवून देतो, काही नाही त्यात. मोबाईलवर पण स्वस्तात दिसतात, गरम पाण्यात टाकून चावून बसवायचे.

मला एवढंच विचारायचंय की हे नाईट गार्ड आणि ते अप्लायन्स एकच का, खरंच उपयोग होतो का, आणि ह्यांच्या खालच्या दोन दाढा काढलेल्या आहेत, पूर्वी गुटखा होता आता फक्त तंबाखू-चुना आहे, तरी बसतं का? कोणी वापरत असेल तर प्लीज सांगा.

दातवाला_जळगाव

ताई, मी जळगावला डेंटिस्ट आहे, कवळ्या-कॅप-अप्लायन्स हेच माझं काम. थोडं लांब लिहितो, कारण तुम्ही विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला उत्तर हवं.

सगळ्यात आधी, नाईट गार्ड आणि हे अप्लायन्स एक नाही. नाईट गार्ड हा दात खाणाऱ्या माणसाचे दात झिजू नयेत म्हणून एकाच जबड्यावर बसवलेला साचा असतो, तो जबडा पुढे आणत नाही. उलट स्लीप ॲप्निया असलेल्या काही पेशंटमध्ये साध्या नाईट गार्डने श्वास अडकणं वाढलेलं पण दिसलंय, कारण तोंड थोडं उघडं राहतं आणि जबडा मागे सरकतो. म्हणून तो बनवू नका. तुमच्या छातीच्या डॉक्टरांनी जे सांगितलं त्याला मॅन्डिब्युलर ॲडव्हान्समेंट डिव्हाइस म्हणतात, आम्ही नुसतं मॅड म्हणतो. वरच्या दातांवर एक साचा, खालच्या दातांवर एक, आणि दोघांना जोडणारा स्क्रू, पट्टी किंवा बाजूचे पंख, त्याने खालचा जबडा झोपेत पुढे राहतो.

तो पुढे राहिल्याने काय होतं ते समजून घ्या. जिभेचा मुख्य स्नायू खालच्या जबड्याच्या हाडाला आतून, हनुवटीच्या मागे चिकटलेला असतो. जागेपणी घशाचे स्नायू ताणलेले असतात म्हणून वाट उघडी राहते. झोपेत ते सैल पडतात, उताणं झोपलं की जीभ आणि पडजीभ मागे पडतात आणि श्वास ओढताना घसा आत ओढला जातो. मोटारीच्या सक्शनला नरम पाइप लावला तर तो ओढीने चपटा होतो ना, तसंच. जबडा काही मिलिमीटर पुढे आणला की जीभ पुढे येते आणि पडजिभेमागची जागा बाजूंनीही रुंद होते. घोरणं म्हणजे त्या अरुंद जागेतून जाणाऱ्या हवेने मऊ भाग थरथरतो त्याचा आवाज, आणि ॲप्निया म्हणजे ती जागा पूर्ण बंद होऊन दहा सेकंद किंवा जास्त श्वास थांबणं.

एएचआय २२ म्हणजे तासाला सरासरी २२ वेळा श्वास थांबला किंवा खूप कमी झाला. ५ च्या खाली नॉर्मल, ५ ते १५ माइल्ड, १५ ते ३० मॉडरेट, ३० च्या वर सिव्हिअर. म्हणजे मिस्टर मॉडरेटमध्ये आहेत आणि ज्यांना सीपॅप सहन होत नाही अशांसाठी मॅड हा मान्य उपाय आहे. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या आणि डेंटिस्टांच्या संघटनांनी २०१५ मध्ये मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात हेच आहे, फक्त अटी आहेत: अप्लायन्स त्या माणसाच्या मापाचं आणि पुढे-मागे करता येणारं हवं, आणि ते लावून झोपेची तपासणी परत करायला हवी.

ही शेवटची अट आपल्याकडे सगळ्यात जास्त सोडून दिली जाते आणि माझं सगळं म्हणणं तिथेच आहे. अप्लायन्स लावलं, घोरणं बंद झालं, घरचे खूश, आणि मग कोणी तपासणी करत नाही. पण आवाज बंद झाला म्हणजे श्वास अडकणं बंद झालं असं धरता येत नाही. घोरणं निम्म्याहून कमी होतं आणि ऑक्सिजन मात्र तरीही पडत राहतो असे पेशंट असतात, आणि तो माणूस बरा झालो समजून परत रात्रीची गाडी चालवायला लागतो. ढोबळमानाने सांगायचं तर मॅड लावणाऱ्यांपैकी एक तृतीयांश लोकांचा एएचआय ५ च्या खाली येतो, एक तृतीयांशांचा बराच कमी होतो पण पूर्ण नाही, आणि उरलेल्यांना फार फरक पडत नाही. मिस्टर कुठल्या गटात आहेत हे तोंडात बघून कोणी छातीठोक सांगू शकत नाही. वजन फार नसलेले, मानेचा घेर कमी असलेले, खालचा जबडा मूळचाच मागे असलेले आणि उताणं झोपल्यावरच जास्त त्रास होणारे, ह्यांना जास्त गुण येतो. तुमच्या रिपोर्टमध्ये उताणं झोपल्यावरचा एएचआय आणि कुशीवरचा एएचआय वेगळा दिलेला असेल, तो बघा.

आता दाढांचं. दोन दाढा नसल्या तरी चालतं, पण प्रत्येक जबड्यात साधारण आठ ते दहा मजबूत दात हवेत कारण रात्रभर जबडा मागे जायला बघतो आणि तो ताण दातांवर येतो. तंबाखूने हिरड्या खराब होऊन दात हलत असतील तर आधी हिरड्यांचं काम. आणि गुटख्याचं मुद्दाम विचारतो, तोंड पूर्ण उघडतं का? स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जातात का बघा. आपल्या भागात गुटख्याने तोंड आखडलेले लोक फार आहेत, गुटखाबंदी २०१२ पासून आहे तरी. तोंड आखडलेलं असेल, आतून पांढरे कडक पट्टे असतील, तर त्या माणसाच्या दातांचं मापच नीट घेता येत नाही, अप्लायन्स घालता-काढता येत नाही, आणि मुख्य म्हणजे तो आजार कॅन्सरकडे जाऊ शकतो म्हणून त्याची तपासणी आधी. जबडा पुढे किती येतो तेही मोजतात, पाच मिलिमीटर पण येत नसेल तर मॅडचा फारसा उपयोग नाही. कानापुढच्या सांध्यात दुखणं, खटखट असेल तर तेही सांगा.

गरम पाण्यात मऊ करून चावायचे जे मिळतात त्यांच्याबद्दल: ते नीट पकडत नाहीत, झोपेत निघून येतात, जबडा किती पुढे आणायचा ते मोजून ठरवता येत नाही. एएचआय २२ वाल्या माणसासाठी ते घेऊ नका.

तापीकाठ_भुसावळ

राम राम ताई. मना अनुभव सांगस. मी रेल्वेत लोको पायलट होतो, मालगाडीवर, आता रिटायर झालोय, मी सीपॅप वापरतो आणि त्याच्याशिवाय झोपत नाही. माझा एएचआय ३० च्या बराच वर होता म्हणून मला डॉक्टरांनी दातांचं अप्लायन्स सांगितलंच नाही.

मला एवढंच म्हणायचंय की कपाटातलं मशीन विकू नका. सुरुवातीला मलाही गुदमरायचं. पण तुम्ही म्हणता मास्क, तर कोणता मास्क दिलाय? नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा असेल तर त्याऐवजी नुसता नाकावरचा किंवा नाकपुडीशी बसणारा छोटा पिलोवाला मागा, खूप जणांचा जीव त्याच्यातच घाबरायचा थांबतो. मशीनला रॅम्प नावाचं सेटिंग असतं, त्याने हवा आधी हळू येते आणि झोप लागेपर्यंत वाढत जाते. तोंड कोरडं पडत असेल तर ह्युमिडिफायर, तो हवा ओलसर करतो. आणि पहिले काही दिवस दुपारी जागेपणी, टीव्ही बघताना नुसता नाकावर धरून सवय करायची, पट्टे न बांधता. लाइटचं म्हणाल तर आमच्याकडे इन्व्हर्टरवर चालतं, ह्युमिडिफायर बंद ठेवला तर करंट अजून कमी खातं.

हे मशीन काही काल आलेलं नाही, ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी १९८१ मध्ये पहिल्यांदा नाकातून हवेचा दाब देऊन पेशंटचा ॲप्निया थांबवून दाखवला, तेव्हापासून चालू आहे. इंजिनवर झोप येणं म्हणजे काय ते मला माहीत आहे, म्हणून सांगतो, जोपर्यंत उपाय बसत नाही तोपर्यंत भाऊंना सुरतला स्वतः गाडी चालवू देऊ नका. रेल्वेने जाऊ द्या, अमळनेरहून सुरतची गाडी आहे, माल ट्रान्सपोर्टने येऊ द्या. घाबरू नका, बठ्ठं बरं व्हई.

चाळीसगाव_मास्तर

मी मॅड वापरतो, काही वर्षं झाली, म्हणून लिहितो. माझा एएचआय मॉडरेटमध्येच होता, वजन फार नाही, आणि आमच्या डेंटिस्टने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की तुमचा खालचा जबडा मूळचाच मागे आहे.

काय काय होतं ते सांगतो. माप घेतात, आता काही ठिकाणी पेस्टने माप घ्यायची गरज नाही, तोंडात छोटा कॅमेरा फिरवून स्कॅन करतात. मग एक मोजपट्टीसारखं साधन चावायला देऊन तुमचा जबडा जास्तीत जास्त किती पुढे येतो ते बघतात, आणि सुरुवात त्याच्या साधारण निम्म्यावर करतात. नंतर हळूहळू स्क्रू फिरवत पुढे न्यायचं, एका वेळी मिलिमीटरच्या आत, बायकोचं निरीक्षण आणि माझी सकाळची अवस्था दोन्ही बघून. एकदम जास्त पुढे नेलं तर सकाळी कानापुढे एवढं दुखतं की भाकरी चावता येत नाही, तेव्हा घाई कोणीच करू नये.

पहिले काही आठवडे लाळ खूप गळते, उशी ओली होते, मग कमी होतं. काहींना उलट तोंड कोरडं पडतं. सकाळी काढल्यावर दात नीट जुळत नाहीत असं वाटतं, मागच्या दाढा टेकतच नाहीत. त्यासाठी मला एक छोटी सकाळची पट्टी दिलीय, ती समोरच्या दातांनी थोडा वेळ दाबून धरायची म्हणजे जबडा जागेवर येतो. हे रोज करायचं, टाळायचं नाही. एवढं करूनही माझ्या वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांतलं अंतर पहिल्यापेक्षा कमी झालंय, डॉक्टरांनी मोजून दाखवलं. वर्षानुवर्षं वापरल्यावर चावा थोडा बदलतो हे आधीच समजून घेऊन घ्यायचं, मला ते मान्य होतं कारण मला झोप हवी होती.

आणि आपल्या खान्देशातल्या माणसांसाठी खास: हे ॲक्रिलिक किंवा नायलॉनचं असतं, गरम पाण्याने कधीही धुवू नका, गार पाणी आणि मऊ ब्रश, टूथपेस्ट पण नको कारण तिने ओरखडे पडतात. मे महिन्यात गावाला जाताना गाडीच्या डॅशबोर्डवर डबी ठेवू नका, आपल्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको, वाकडं झालं की परत बसत नाही. कुत्र्या-मांजरापासून पण जपा, त्यांना त्याचा वास आवडतो.

मी ते लावून परत घरी झोपेची तपासणी केली होती, बोटाला क्लिप, छातीला पट्टा, नाकाशी नळी, घरीच झोपून. पहिल्या वेळेला एएचआय हवा तेवढा उतरला नव्हता, म्हणून अजून थोडं पुढे नेलं आणि मग परत केली. दातवाले डॉक्टर म्हणतायत ते एकदम बरोबर आहे, तपासणी नसती केली तर आम्ही दोघंही पहिल्याच सेटिंगवर समाधानी होऊन बसलो असतो कारण घोरणं तर तेव्हाच बंद झालं होतं.

केळीबाग_रावेर

ताई आमच्याकडे वडीलधारी माणसं रात्री नाकात गाईचं तूप सोडायला सांगतात, घोरणं कमी होतं. आणि पेपरमध्ये वाचलं होतं की शंख फुंकल्याने पण झोपेचा हा आजार कमी होतो. दोन्ही करून बघायला काय हरकत आहे, खर्च काही नाही. डॉक्टरसाहेब तुमचं मत सांगा, मी पण घोरतो, आणि रात्रीची लाइट असली की बागेला पाणी भरायला जागरण होतं, मग दुसऱ्या दिवशी असा झोपतो की घरचे घाबरतात.

दातवाला_जळगाव

शंखाचं तुम्ही म्हणता तो अभ्यास खरा आहे. जयपूरच्या डॉक्टरांनी केला, २०२५ मध्ये छापून आला. मॉडरेट ॲप्नियाचे ३० पेशंट, काहींनी सहा महिने शंख फुंकला, काहींनी नुसता खोल श्वासाचा व्यायाम. शंखवाल्यांची दिवसाची झोपाळूपणाची तक्रार ३४ टक्क्यांनी कमी झाली आणि एएचआय तासाला चार-पाचने उतरला. त्यात अर्थ आहे कारण फुंकताना घशाचे आणि जिभेचे स्नायू काम करतात. पण पेशंट अगदी थोडे आहेत, आणि २२ मधून चार-पाच गेले तरी १७ उरतातच, मॉडरेटच. म्हणून जोडीला जरूर करा, त्याच्या भरवशावर राहू नका. बीपी जास्त असेल, हर्निया असेल, डोळ्यात काचबिंदू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तुपाने नाक कोरडं पडलेलं असेल तर बरं वाटतं, नाक मोकळं झालं तर घोरण्याचा आवाजही थोडा कमी होऊ शकतो. पण अडथळा घशात आहे, तिथे तूप काही करत नाही.

रात्रीच्या जागरणाचं तुमचं म्हणणं महत्त्वाचं आहे. झोप अर्धवट राहिली की पुढची झोप खूप गाढ लागते, स्नायू जास्त सैल पडतात, घोरणं वाढतं. दारूने तर नक्कीच, आणि झोपेच्या गोळ्यांनी पण. शेतीच्या लाइटचं वेळापत्रक आपल्या हातात नाही, पण घरचे घाबरतात म्हणजे ते श्वास थांबताना बघतायत, तर एकदा तपासणी कराच. घरी बसून अंदाज घ्यायचा असेल तर स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी आहे: मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा असतो का, श्वास थांबलेला कोणी पाहिलाय का, बीपी आहे का, बीएमआय ३५ च्या वर का, वय ५० च्या वर का, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर का, पुरुष आहात का. तीन किंवा जास्त हो आले तर डॉक्टरकडे जायचं.

नंदुरबारची_आई

मध्येच विचारते, माफ करा. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतो, अंथरूण ओलं करतो, शाळेत लक्ष नाही म्हणून बाई तक्रार करतात. वरचे दात पुढे आलेत. एकाने सांगितलं की त्यालाही असंच जबडा पुढे करायचं काहीतरी बसवा. बसवू का?

दातवाला_जळगाव

ताई, आत्ता बसवू नका. लहान मुलांमध्ये घोरण्याचं मुख्य कारण बहुतेक वेळा वाढलेले टॉन्सिल्स आणि नाकामागचे ॲडेनॉइड्स असतात, म्हणून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. अंथरूण ओलं होणं, शाळेत लक्ष न लागणं, चिडचिड, हे सगळं त्याच आजारात येतं आणि मूल उगाच आळशी किंवा मस्तीखोर ठरतं. मोठ्यांसारखं दिवसा झोपाळू दिसेलच असं नाही, काही मुलं उलट जास्तच उड्या मारतात. टॉन्सिल काढल्यावरही त्रास उरला आणि वरचा जबडा अरुंद, टाळू खूप खोल असेल तर मग ऑर्थोडॉन्टिस्ट (दात-जबडे जागेवर आणणारे डॉक्टर) टाळू रुंद करायचं यंत्र बसवतात. वाढत्या वयात टाळूच्या मधला सांधा पक्का झालेला नसतो म्हणून ते जमतं. त्याने नाकाचा तळही रुंद होतो आणि नाकाने श्वास घेणं सोपं जातं. पण कशाला काय करायचं हे ईएनटी आणि ऑर्थोडॉन्टिस्ट दोघांनी मिळून ठरवायचं आहे. तुमच्या नंदुरबारलाच सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि धुळ्यात एसीपीएम डेंटल कॉलेजही आहे.

बोरीकाठ, अमळनेर

तुमच्या सगळ्यांचे खूप खूप आभार, काल रात्री ह्यांना बसवून सगळं वाचून दाखवलं. तीन बोटं तोंडात जातात, जरा घट्ट पण जातात. रिपोर्टमध्ये उताणं झोपल्यावरचा आकडा ३६ आणि कुशीवरचा ११ आहे, म्हणजे तुम्ही म्हणता तसं उताणं झोपल्यावर जास्त आहे. तापीकाठ काकांनी सांगितलेल्या मास्कचं दुकानदाराला विचारलं, छोटावाला बदलून देतो म्हणाला. आणि सुरतला आता दीर गाडी चालवतात नाहीतर हे रेल्वेने जातात, त्यावर मी हललेच नाही.

अजून दोन गोष्टी. एक, सासूबाई पण जोरात घोरतात आणि मध्येच थांबतात, त्यांना पूर्ण कवळी आहे, एकही दात नाही, त्यांना असलं काही बसेल का? दुसरं, ऑपरेशन करून कायमचं मोकळं होता येतं का, हे ह्यांनी विचारायला सांगितलंय.

दातवाला_जळगाव

३६ आणि ११ हा फरक चांगला आहे ताई, म्हणजे मिस्टरांना मॅडने गुण यायची शक्यता आहे आणि कुशीवर झोपायची सवय लावली तर त्याचाही उपयोग होईल. पाठीमागे गंजीला खिसा शिवून त्यात चेंडू ठेवतात तो जुना उपाय अशा लोकांना खरंच लागू पडतो. वजन कमी केलं तर अजून उतरेल, १० टक्के वजन घटलं की एएचआय साधारण पाव हिस्सा खाली येतो असं अभ्यासात दिसलंय, म्हणजे ह्यांच्यासाठी आठ-नऊ किलो. तीन बोटं घट्ट जातात म्हणालात, तर गालाच्या आतली बाजू डेंटिस्टकडून नीट तपासून घ्याच. आणि तंबाखू-चुन्याचंही त्यांना प्रेमाने सांगा.

सासूबाईंना मॅड बसणार नाही कारण पकडायला दात नाहीत, कवळी ताणाने उचलली जाते. दात नसलेल्यांसाठी जीभ पुढे धरणारं एक मऊ उपकरण असतं, समोर फुग्यासारखा भाग असतो त्यात जीभ ओढून धरतात. पण ते सहन करणं वयस्कर माणसाला अवघड जातं आणि जीभ दुखते. त्यांची आधी झोपेची तपासणी होऊ द्या. त्यांचा ॲप्निया जास्त निघाला तर सीपॅपच बघावं लागेल, आणि तुमच्या घरात एक मशीन आहे म्हणून तेच त्यांना लावू नका, दाब प्रत्येकाचा वेगळा ठरवावा लागतो.

ऑपरेशनचं सांगतो. दातांच्या बाजूचं मोठं ऑपरेशन म्हणजे वरचा आणि खालचा दोन्ही जबडे कापून साधारण एक सेंटिमीटर पुढे आणून प्लेट-स्क्रूने बसवणं. सिव्हिअर ॲप्नियामध्ये, विशेषतः जबडे मागे असलेल्यांना, त्याचा गुण खूप चांगला येतो. पण ते भूल देऊन केलेलं मोठं ऑपरेशन आहे, काही आठवडे पातळ खाणं, ओठ-हनुवटी बधिर राहू शकते, चेहरा बदलतो. मॉडरेटवाल्या माणसाने मास्क बदलून बघितला नाही, मॅड लावून बघितलं नाही, आणि थेट त्याच्याकडे जावं असं मला वाटत नाही. नुसती पडजीभ कापायचं ऑपरेशन कोणी सुचवलं तर ईएनटीला विचारा की झोपेत नळी घालून अडथळा नेमका कुठे आहे ते पाहिलंय का.

डेंटिस्टकडे जाताना झोपेच्या तपासणीचा पूर्ण रिपोर्ट न्या, फक्त पहिलं पान नको. छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी न्या ज्यात मॅड चालेल असं लिहिलेलं असेल, चालू गोळ्यांची यादी न्या, जुना दातांचा एक्स-रे असेल तर तोही. आणि पैसे भरायच्या आधी त्यांना विचारा की तुम्ही ॲप्नियासाठी अशी अप्लायन्स करता का, ते पुढे-मागे करता येणारं आहे का, नंतरच्या भेटी त्याच पैशात आहेत की वेगळ्या, आणि ते लावून परत तपासणी कधी करायची. शेवटच्या प्रश्नाला जो डेंटिस्ट गरज नाही म्हणेल त्याच्याकडे बनवू नका.

चाळीसगाव_मास्तर

त्यात एक वाढवतो, दरवर्षी हिरड्या आणि चावा तपासून घ्यायला जायचं असतं ते पण आधीच विचारून ठेवा. तीन ते पाच वर्षांनी अप्लायन्स झिजतं, बदलावं लागतं, तेव्हा दुकानाच्या खर्चात ते धरून ठेवा. रिपोर्ट आला की इथे आकडा लिहा ताई, आम्ही वाट बघतोय.